न आलेल्यांचा रकाना
लैंगिक आरोग्याच्या पाहणीत स्वेच्छेने आलेल्यांवरून सर्वांविषयी अनुमान काढणे, म्हणजे हिशेबाच्या भाषेत वसुली पाहून येणे बाकी ठरविणे होय. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४५ टक्के स्त्रियांची काहीही तक्रार नव्हती; तरी एकूण ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक विकार आढळले. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या अवघ्या ८ टक्के! दवाखान्याच्या नोंदवहीत बाकीच्या कशा दिसणार? चाकण-भोसरी पट्ट्यातही कामावर असलेला कामगार दुपारच्या शिबिरास येऊ शकत नाही, आणि मुकादमादेखत कंत्राटी कामगार अशा आजाराविषयी बोलत नाही. देणगीतून तपासण्यांची तरतूद करावयाची, तर आलेल्यांच्या आकड्याशेजारी बोलावले किती, नकार किती व ते कोणत्या पाळीचे, हे रकाने असलेच पाहिजेत.