न ऐकलेली हाक

१९२२ सालच्या जानेवारी महिन्यातील गोष्ट. कॅनडातील टोरँटो शहरी लिओनार्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा रुग्णालयात अंथरुणाला खिळून होता. मधुमेहाने त्याचा देह केवळ अस्थिपंजर झाला होता. बँटिंग, बेस्ट प्रभृती संशोधकांनी जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्शुलिन त्याला टोचण्यात आले. पहिल्या खेपेस विशेष गुण आला नाही. परंतु ते अधिक शुद्ध करून दिल्यावर त्याच्या रक्तातील साखर उतरली आणि मुलगा वाचला. इन्शुलिन नसले की मधुमेह होतो, ते बाहेरून दिले की काम झाले, असे तेव्हा पुष्कळांना वाटले.

कोडे मात्र अर्धेच सुटले होते.

मुलांनो, आपण खाल्लेल्या भाकरीची व भाताची पोटात साखर होते व ती रक्तातून सर्वांगात फिरते. इन्शुलिन हा स्वादुपिंडाने धाडलेला निरोप्या होय. ‘साखर आली आहे, दार उघडा,’ असे तो स्नायूंतील पेशींना सांगतो. आणि ‘तूर्त तुझ्याजवळची साखर सोडू नकोस,’ असे यकृताला बजावतो.

लंडनचे डॉक्टर हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये आपला एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मधुमेही रुग्णांना त्यांनी ग्लुकोजचे पाणी पाजले, त्याच वेळी इन्शुलिन टोचले, आणि मग थोड्या थोड्या वेळाने त्यांचे रक्त तपासले. काहींच्या रक्तातील साखर आटोक्यात राहिली. इतरांची मात्र इन्शुलिन देऊनही चढतच गेली! निरोप्या दारी उभा होता. आतून कोणी ओ देत नव्हते. यालाच इन्शुलिन-प्रतिरोध म्हणतात. पुढे १९६० च्या सुमारास रोझलिन यालो व सॉलोमन बेर्सन यांनी रक्तातील इन्शुलिन मोजण्याची रीत शोधून काढली, तेव्हा प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्शुलिन भरपूर असल्याचे दिसून आले.

पेशी ऐकेनात, की स्वादुपिंड अधिक मोठ्याने हाक मारते, म्हणजे अधिक इन्शुलिन सोडते. अशी कित्येक वर्षे निभावून जातात. माणसाला काही दुखत नाही, खुपत नाही. उपाशीपोटीची साखर १०० मिलिग्रॅमच्या आतच असते. पुढे स्वादुपिंड थकते. साखर १२६ वर जाते, आणि मग मधुमेह उघड होतो.

‘बारीक माणसाला कसली भीती?’ असे मीही समजत असे. २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिन यांच्या अंगात चरबी सुमारे ९ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात सुमारे २१ टक्के! वजनकाट्याला हा भेद कळला नव्हता. पोटात व यकृतात साचणारी अशी चरबी पेशींना बहिरे करण्यास हातभार लावते.

स्नायूंची एक खुबी मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ते काम करू लागले, की इन्शुलिनच्या हाकेची वाट न पाहता साखर आत ओढून घेतात, आणि काम थांबल्यावरही काही तास त्यांना ती हाक अधिक चांगली ऐकू येते. माझी आजी रात्रीच्या जेवणानंतर सर्वांना शतपावली घालायला लावी. मी अभ्यासाचे निमित्त सांगून टाळत असे. आता रोज रात्री अंगणात मी त्या पावलांची भरपाई करीत असतो.