‘मला आवडते’ : मराठी आणि स्पॅनिश

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. इंग्रजीत ज्याला आवडते तो कर्ता होतो. येरवड्याच्या आमच्या घरी मात्र ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’. स्पॅनिश शिकू लागले, तर तिचेही तसेच : ‘मे गुस्ता एल मांगो’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. क्रियापद वस्तूप्रमाणे बदलते. मला, तुला, आम्हांला म्हणजे मे, ते, नोस. त्याला व तिला, दोन्हींस ‘ले’. म्हणून व्यक्ती स्पष्ट करावी लागते. तरी ‘ले’ सुटत नाही : ‘आ मि माद्रे ले गुस्ता...’, माझ्या आईला आवडते...

येथेच मी अडले. व्याकरण येत होते. आईला काय आवडते, हे ठाऊक नव्हते. घरी येऊन विचारले. शाळेत न गेलेली आई म्हणाली, “मला चिंचा आवडत्यात.”

अनेकवचन! वहीतले ‘गुस्ता’ खोडून मी ‘गुस्तान’ लिहिले.