गिरणगांवांतलें चिमुकलें कुत्रें : यॉर्कशायर टेरिअर

सोलापूर हें गिरण्यांचें गांव. १८७७ सालीं येथें निघालेली कापडाची गिरणी पुढें ‘जुनी मिल’ या नांवानें सर्वतोमुखीं झाली. तिचा भोंगा आतां वाजत नाहीं. तरी चादरींनीं व मागांनीं गांवाचा लौकिक राखिला आहे. ज्या कुत्र्याची ओळख आज आम्ही वाचकांस करून देणार आहों, त्याचेंही कूळ असेंच गिरणगांवचें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडांतील अनेक विणकर पोटासाठीं इंग्लंडांतील यॉर्कशायर व लँकेशायर या प्रांतांत आले. त्यांजबरोबर त्यांचीं लहानगीं टेरिअर कुत्रींही आलीं. ‘टेरिअर’ या शब्दाच्या मुळाशीं जमीन या अर्थाचा लॅटिन शब्द आहे; जमिनींतील बिळांत शिरून शिकार करणारें तें टेरिअर. गिरण्यांतील उंदरांचा फडशा पाडणें हें यांचें काम. ब्रॅडफोर्ड येथील मेरी ॲन फॉस्टर या बाईंचा ‘हडर्सफील्ड बेन’ (१८६५–१८७१) हा या जातीचा मूळपुरुष मानिला जातो. पुढें श्रीमंत स्त्रियांनीं या कुत्र्यास मांडीवर घेतलें, त्याच्या रेशमी केंसांस फीत बांधिली. परंतु त्याचा मूळचा बाणा गेला नाहीं.

याचें वजन फार तर ३.२ किलो, पण आपण लहान आहों हें त्यास ठाऊकच नसतें! परक्याची चाहूल लागतांच तें भुंकूं लागतें व आपल्या दसपट मोठ्या कुत्र्यावरही धांवून जातें. धन्यावर त्याची निष्ठा मोठी. एकटें पडल्यास तें झुरतें. दुसऱ्या महायुद्धांत न्यू गिनीच्या रानांत सांपडलेली ‘स्मोकी’ ही अवघ्या ४ पौंडांची कुत्री विल्यम विन या अमेरिकन सैनिकानें पाळिली. १९४५ सालीं फिलिपाइन्समधील लिंगायेन येथें विमानांच्या धांवपट्टीखालून सुमारें ७० फूट लांबीच्या अरुंद नळांतून तिनें तारेची दोरी ओढून नेली व धांवपट्टी उकरण्याचा प्रसंग टाळिला.

आतां निगेविषयीं. सोलापुरांत वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हां या कुत्र्यास सावलींत ठेवावें व पहांटे किंवा रात्रींच फिरवावें. रस्त्यावर हाताची पाठ टेकून पाहावी. आपल्यास चटका बसला तर त्याच्या पंजांसही बसणारच. त्याचे केंस रोज विंचरावे व दांत घांसावे. गळा नाजूक असल्यामुळें गळपट्ट्यास दोरी न लावितां छातीस पट्टा बांधावा. उंचावरून उडी मारूं देऊं नये. लहान पिलास दिवसांतून तीनचार वेळां थोडें थोडें खाऊं घालावें, कारण उपाशीं राहिल्यास तें ग्लानि येऊन पडतें. चॉकलेट, द्राक्षें, बेदाणे, कांदा व लसूण हीं त्यास विषासमान होत. तिसऱ्या महिन्यापासून पिसाळरोगाची लस टोंचवावी. कोणतेंही कुत्रें चावलें तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवावी आणि त्वरित दवाखाना गांठावा.

आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें तें पुढेंच आहे. आमच्या परिचयाच्या एका घरीं मुलाच्या वाढदिवशीं असें पिलूं आणिलें होतें. उन्हाळ्याच्या सुटींत गांवीं जातांना घरच्यांनीं त्यास ओसरीवर बांधून पाण्याचें भांडें ठेविलें, व तें निघून गेले. दुसऱ्या दिवशीं भांडें कोरडें पडलें. शेजारणीनें त्यास उचलून नेलें म्हणून तें वांचलें. पण पुढें कित्येक दिवस रिक्षा थांबली कीं तें दाराशीं धांवे. असें टाकून देणें १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. परंतु कायदा नसता तरी आपल्या मनानें त्यास काय म्हटलें असतें?

हें कुत्रें साधारण १२ ते १५ वर्षें जगतें. आज पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें पिलूं आणिलें, तर त्याच्या म्हातारपणीं तो विद्यार्थी तिशीस टेंकलेला असेल. तोंवर त्यास कोण सांभाळील, हें घरांतील वडील मंडळींशीं बोलून आधीं ठरवावें. तसेंच विकत घेण्यापूर्वीं, कोणी सोडून दिलेलें कुत्रें किंवा आपल्याच गल्लींतलें पिलूं दत्तक घेतां येईल काय, हें पाहावें. गल्लींतलें पिलूं आपलें ऊन जन्मापासून जाणतें, व इमानांत तें रेसभरही उणें नसतें.

गिरणींतल्या विणकरानें या कुत्र्यास कामाचा सोबती म्हणून पाळिलें, खेळणें म्हणून नव्हे. खेळण्याचा कंटाळा येतो. सोबत्याचा कंटाळा येऊं देऊं नये.