बेल्ट काढून चेन बसवावी का?

प्रश्न : मी नागपूरहून सेकंडहँड हार्ले-डेव्हिडसन स्ट्रीट ७५० आणली. वर्धा ते सेलू रस्ता चांगला आहे, पण पुढे वावरापर्यंत पांदण लागते. पावसाळ्यात काळा चिखल आणि बाकी वर्षभर धूळ नि गिट्टी. मागच्या चाकाला चेन नसून बेल्ट आहे. गॅरेजवाले म्हणतात, "काढून टाका, चेन बसवून देतो, कटकट संपेल." खरंच बसते का? आणि बसवावी का?
— एक वाचक, सेलू तालुका (जि. वर्धा)

उत्तर : बसते. जगभर हौशी लोक बसवतात. बसवावी का, याचं उत्तर मात्र तुमचा बेल्ट नेमका कशामुळे खराब होतो आहे त्यावर आहे. ते कारण न शोधता चेन बसवली, तर कटकट संपत नाही, बेल्टकडून चेनकडे जाते.

आधी दोन्हींचं काम समजून घेऊ. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात (याचं उद्घाटन गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी केलं) एखाद्या चरख्याची माळ नीट पाहा. मोठं चाक एकदा फिरलं की माळेच्या ओढीनं छोटी चाती कितीतरी वेळा फिरते. तिथे मोठं लहानाला फिरवतं, म्हणून वेग वाढतो. मोटरसायकलमध्ये उलटं असतं. गिअरबॉक्सवरचं लहान चाक मागच्या मोठ्या चाकाला ओढतं, त्यामुळे फेरे कमी होतात आणि जोर वाढतो. चरख्याची माळ गुळगुळीत असते, जोर जास्त झाला की घसरते. घसरणं मोटरसायकलला परवडत नाही, म्हणून तिच्या बेल्टला आतून दात असतात आणि त्या दातांना अडकणारी पुली असते. रबर किंवा पॉलियुरेथेनच्या आत कार्बन किंवा अरामिड धाग्यांचे दोर असतात. ताण सोसतात ते हे दोर, रबर नव्हे.

बेल्टचे बरेच गुणदोष या रचनेतून येतात. बेल्टला तेल लागत नाही, आवाज नाही, पँटवर काळे डाग नाहीत, आणि नीट जपला तर तो चेनहून खूप जास्त चालतो. पण तो घडी घातलेला, पिळलेला किंवा लहान वेटोळं केलेला सहन करत नाही. नागपूरहून नवा बेल्ट आणताना दुकानदारानं गुंडाळून सुतळीनं बांधून दिला, तर आतले दोर तिथेच मोडलेले असू शकतात आणि वरून काहीच दिसत नाही. दुसरा शत्रू म्हणजे गिट्टी. बेल्ट आणि पुलीमध्ये सापडलेला खडा पुलीच्या जोरानं बेल्टमधून आरपार जातो.

म्हणून आधी गाडी सेंटर स्टँडसारख्या टेकूवर उभी करा आणि मागचं चाक हातानं हळूहळू फिरवत बेल्टचा प्रत्येक दात पाहा. दातांच्या बुडाशी चीर आहे का? दात तुटलाय का? खड्याचं भोक आहे का? भोक मधोमध असेल तर लक्ष ठेवून काही काळ चालवता येतं. कडेला असेल तर तिथून फाटत जातं, बेल्ट बदलायलाच हवा. एकच कड झिजलेली असेल तर चाक तिरपं बसलं आहे. ही तक्रार सेकंडहँड गाडीत फार असते, कारण टायर बदलताना चाक काढतात आणि परत लावताना दोन्ही बाजूंचे खुणांचे आकडे जुळवत नाहीत. बेल्ट फार घट्ट ओढला असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. तिरपं चाक किंवा जास्त ताण हे कारण असलं तर चेनही तशीच लवकर जाईल. तिरप्या चाकावर कुणीच टिकत नाही.

चिखलाचं म्हणाल, तर आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. ती पुलीच्या दातांत बसून घट्ट झाली की बेल्टला दातांवर वर उचलते आणि ताण एकदम वाढतो. उपाय सोपा आहे. पांदणीतून आल्यावर साध्या पाण्यानं पुली धुवा, लागलं तर थोडं साबणाचं पाणी. गॅरेजमधला डिझेल-रॉकेलचा फवारा आणि चेनस्प्रे बेल्टपासून लांब ठेवा. चेनला जे औषध, तेच बेल्टला विष. पुलीखालची आणि बेल्टवरची कव्हरं मूळ आहेत ना, तेही बघा. हौसेनं काढलेली कव्हरंच बरेचदा गिट्टीला वाट देतात.

आता चेन बसवायचीच ठरवली तर काय काय बदलतं? फक्त बेल्टच्या जागी चेन एवढंच नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसेल असं पुढचं स्प्रॉकेट हवं, मागच्या हबवर बसेल असं मागचं स्प्रॉकेट हवं, आणि दोन्हींची मधली रेघ एकाच प्रतलात यायला हवी. चेन बेल्टहून बरीच अरुंद असते, म्हणून स्पेसरचा हिशेब चुकला की ती कडेला घासते. दोरी किंवा सरळ पट्टी लावून हे तपासता येतं.

त्याहून महत्त्वाचा हिशेब दातांचा. समजा पुढच्या पुलीला ३० आणि मागच्या पुलीला ६९ दात आहेत. प्रमाण २.३ झालं. चेनला तेच प्रमाण २० आणि ४६ दातांत मिळतं. बेल्टला लहान वळण चालत नाही म्हणून पुल्या मोठ्या लागतात, चेनला लहान चालतं. पण कुणी "पिकअप वाढेल" म्हणून १५ आणि ४२ बसवलं, तर प्रमाण २.८ होतं. म्हणजे त्याच वेगाला इंजिन सुमारे २२ टक्के जास्त फिरणार. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल, तर गाडी खरी ६० नं जाताना काटा ७३ दाखवील आणि किलोमीटरही तेवढ्याच जास्तीनं मोजेल. सेन्सर चाकावर असेल तर आकडे बरोबर राहतील.

चेनचा साइझ नंबरावरून कळतो. ५२० मधला पहिला आकडा दोन पिनांमधलं अंतर सांगतो, इंचाचे पाच-अष्टमांश. पुढचे आकडे आतली रुंदी सांगतात. ५३० चेन तेवढ्याच अंतराची, पण जास्त रुंद असते. ७५० सीसीच्या गाडीला लहान मोटरसायकलची ४२८ चेन "बसतेय ना" म्हणून लावू नका.

चेनची बाजूही खरी आहे. वर्धा ही जमनालाल बजाज यांची कर्मभूमी. त्या घराण्याच्या कंपनीच्या पल्सर-प्लॅटिना चेनवर चालतात, आणि तसल्या गाड्यांमुळे चेनचं काम येणारा मिस्त्री हिंगणघाट असो, आर्वी असो की पुलगाव, सगळीकडे सापडतो. चेन लॉकनं रस्त्यातच जोडता येते. बेल्ट मात्र अखंड वळं असल्यामुळे बहुतेक गाड्यांत स्विंगआर्म ढिला करावा किंवा काढावा लागतो. (जुन्या चेतक स्कूटरला दोन्हींची गरजच नव्हती. इंजिन मागच्या चाकापाशीच असल्यानं जोर थेट गिअरमधून जात असे.)

कोण पुढारलेलं, बेल्ट की चेन, या वादातही पडू नका. हार्लेच्या पहिल्या गाड्यांना चामड्याचा पट्टा होता, १९१२ पासून चेन आली. १९८० च्या 'स्टर्जिस' मॉडेलनं दातांचा बेल्ट आणला आणि पुढे बेल्ट ही त्या कंपनीची ओळखच झाली. तीच कंपनी २०२३ मध्ये भारतात हीरोबरोबर एक्स ४४० आणते आणि तिला चेन लावते. विजेच्या गाड्यांतही तेच दिसतं. २०१९ च्या रिव्होल्ट आरव्ही ४०० ला बेल्ट, २०२४ च्या आरव्ही १ ला चेन. ओलानंही २०२५ च्या तिसऱ्या पिढीच्या एस १ स्कूटरमध्ये बेल्टच्या जागी चेन घेतली. बनवणारे जोर, धूळ, किंमत आणि गिऱ्हाईक किती तेल घालेल, हे सगळं तोलून ठरवतात. तुम्हीही तसंच ठरवा.

कागदोपत्री एक गोष्ट विसरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. स्प्रॉकेट बदलणं आणि इंजिन बदलणं एक नव्हे, तरी एमएच ३२ च्या, म्हणजे वर्ध्याच्या, परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर "हा बदल आम्हाला सांगितला नव्हता" हे ऐकायला नको.

माझा सल्ला : आधी चाक सरळ करा, कव्हरं लावा, ताण कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवा आणि पावसाळा जाऊ द्या. तरीही बेल्ट फाटत असेल आणि रोज पांदण चुकतच नसेल, तर चेन घ्या. पण पूर्ण संच घ्या, जुगाड नको.

उपप्रश्न : चेन बसवली तर तिची काळजी कशी घ्यायची? आमच्याकडे जळकं इंजिन ऑइल टाकतात.

उत्तर : जळक्या ऑइलला धूळ चिकटते आणि तीच पॉलिशपेपरचं काम करते. त्यापेक्षा ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेनस्प्रे वापरा. चेनमध्ये ओ-रिंग असेल तर पेट्रोलनं धुऊ नका, रबर फुगतं. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना, खालच्या पदराच्या आतल्या बाजूवर थेंब सोडा. फिरताना तेल बाहेर फेकलं जातं, म्हणून आत लावलेलं रोलरपर्यंत पोचतं. साधारण ५०० किलोमीटरला एकदा, आणि चिखलातून आल्यावर प्रत्येक वेळी. लॉक क्लिप असेल तर तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं धावते तिकडे हवं, उलटं लावलं तर ती निघून पडू शकते. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढून पाहा. अर्धा दात उघडा पडत असेल तर चेन संपली. तेव्हा दोन्ही स्प्रॉकेटही बदला, कारण झिजलेले दात नव्या चेनला लवकर खातात.