जप्त केलेली वही आणि एक संग्रहालय

विद्यार्थी मित्रहो, संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तलवारी, नाणी, ताम्रपट आणि भग्न मूर्ती उभ्या राहतात. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांनी आपल्याला तशी सवयच लावली आहे. परंतु जपानमधील ह्योगो प्रांतात, ओसाका महानगरापासून जवळच, ताकाराझुका नावाचे एक लहानसे शहर आहे. तेथील नगरपालिकेने २५ एप्रिल १९९४ रोजी एक संग्रहालय जनतेसाठी खुले केले. त्यात एका मुलाच्या शाळकरी वह्या आहेत, त्याने काढलेली किडामुंगीची चित्रे आहेत आणि त्या वह्यांतून पुढे जन्माला आलेले एक विशाल चित्रविश्व आहे. तो मुलगा म्हणजे ओसामू तेझुका, जपानी चित्रकथेला आणि दूरचित्रवाणीवरील अॅनिमेशनला आजचे रूप देणारा कलावंत.

आम्ही हे संग्रहालय प्रत्यक्ष पाहिलेले नाही. तरीही इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांला ते अभ्यासण्याजोगे वाटते. माणूस कसा घडतो आणि समाज त्याची आठवण कशी जपतो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधायला ते मदत करते.

वास्तू आणि तिची मांडणी

संग्रहालयाच्या दारासमोर अग्निपक्षी फिनिक्सचे शिल्प आहे. तेझुका यांनी आयुष्यभर ज्या चित्रकथेवर काम केले आणि जी अखेर अपूर्णच राहिली, तिचा हा नायक. समोरच्या पदपथावर त्यांच्या पात्रांच्या हातापायांचे ठसे उमटवलेले आहेत. छतावर काचेचा एक गोल आहे. पृथ्वी काचेसारखी नाजूक आहे, ती जपली पाहिजे, हा तेझुका यांचा अखेरच्या काळातील विचार त्यातून सूचित होतो. आत तळमजल्यावर त्यांचा जीवनपट, वर त्यांच्या पुस्तकांचे वाचनालय आणि तळघरात अॅनिमेशनची कार्यशाळा आहे. तेथे येणारी मुले स्वतः चित्रे काढून ती हलताना पाहतात. पाहणाऱ्याला करणारा बनवणारे संग्रहालय आम्ही चांगले संग्रहालय मानतो.

वहीपासून सुरुवात

तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळील तोयोनाका येथे झाला आणि बालपण ताकाराझुका येथे गेले. ठेंगणा बांधा, चष्मा आणि कुरळे केस यांमुळे वर्गातील मुले त्यांना चिडवीत व छळीत. घरी मात्र वडिलांकडे छोटे प्रक्षेपणयंत्र होते आणि त्यावर परदेशी चित्रपट पाहायला मिळत. आई त्यांना गावातील प्रसिद्ध नाट्यगृहात नेई. तेथे सर्व भूमिका, पुरुषांच्यासुद्धा, स्त्रियाच करीत. मुलगी म्हणून सिंहासन नाकारले जाईल या भीतीने राजपुत्राच्या वेशात वाढवलेल्या राजकन्येची कथा त्यांनी १९५३ मध्ये लिहायला घेतली, तिची बीजे याच रंगमंचावर आहेत.

त्यांना कीटकांचे विलक्षण वेड होते. ‘ओसामुशी’ नावाचा एक भुंगा जपानमध्ये आढळतो. आपल्या नावाशी त्याचे साम्य पाहून त्यांनी सहीमध्ये ‘कीटक’ या अर्थाचे अक्षर जोडले आणि ते जन्मभर सोडले नाही.

तिसरीत असताना त्यांनी वहीत एक चित्रकथा काढली. शिक्षकांनी ती पकडली आणि जप्त केली. येथपर्यंतची गोष्ट कोणत्याही देशातील कोणत्याही शाळेत घडू शकते. पुढे जे घडले ते विरळा घडते. ती वही शिक्षकांच्या खोलीत हातोहात फिरली, वाचली गेली, आणि त्यानंतर या मुलाच्या चित्रे काढण्याकडे शिक्षकांनी काणाडोळा करायला सुरुवात केली. जप्त केलेली वही वाचण्याइतका मोठेपणा त्या शिक्षकांनी दाखवला, हे आम्हांला या संपूर्ण चरित्रातील सर्वांत महत्त्वाचे पान वाटते.

युद्ध आणि निश्चय

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत जपानमधील विद्यार्थ्यांना कारखान्यांत जुंपले गेले. तेझुका यांनाही शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात काम करावे लागले. जून १९४५ मध्ये ओसाकावर झालेल्या बॉम्बवर्षावातून ते थोडक्यात वाचले. जळणारे शहर आणि माणसांची प्रेते त्यांनी सोळाव्या वर्षी पाहिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओसाकातील एका चित्रपटगृहात त्यांनी एक दीर्घ अॅनिमेशनपट पाहिला होता. तो नौदलाच्या प्रचारासाठी काढलेला होता; तरीही त्यातील चित्रे हलताना पाहून ते रडले आणि आयुष्यात एकदा तरी असा चित्रपट करायचाच, असे त्यांनी ठरवले. कला तीच असते, ती द्वेषासाठी वापरायची की करुणेसाठी, हे वापरणाराच ठरवतो.

युद्धानंतर त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, परवाना मिळवला आणि १९६१ मध्ये वैद्यकशास्त्रातील डॉक्टरेटही संपादन केली. व्यवसाय म्हणून मात्र त्यांनी चित्रकलाच निवडली. वैद्यकी करू की चित्रे काढू, असे विचारल्यावर आईने, जे मनापासून आवडते तेच कर, असे उत्तर दिल्याचे ते सांगत.

चित्र हलते कसे?

चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी डोळ्यांसमोरून सरकतात. प्रत्येक चौकटीसाठी वेगळे चित्र काढायचे ठरवले, तर एका मिनिटाला १,४४० चित्रे लागतील. वीस मिनिटांच्या भागाला २८,८०० चित्रे होतील. दर आठवड्याला असा एक भाग काढणे कोणालाही शक्य नव्हते. तेझुका यांनी काटकसरीचा मार्ग काढला. एकच चित्र तीन चौकटींसाठी वापरले की सेकंदाला आठ चित्रे पुरतात. बोलणाऱ्या माणसाचे फक्त ओठ हलवायचे, बाकीचे चित्र स्थिर ठेवायचे. धावण्याची, उडण्याची चित्रे जपून ठेवायची आणि पुढच्या भागांत पुन्हा वापरायची.

या पद्धतीने त्यांच्या ‘मुशी प्रॉडक्शन’ या संस्थेने १ जानेवारी १९६३ पासून दर आठवड्याला अर्ध्या तासाची मालिका दूरचित्रवाणीवर आणली. तिचा नायक आतोमु, म्हणजेच जगाला ठाऊक असलेला ‘अॅस्ट्रो बॉय’. मृत मुलाच्या जागी एका शास्त्रज्ञाने घडवलेला हा यंत्रबालक वाढत नाही म्हणून सर्कशीला विकला जातो. माणसांपेक्षा अधिक माणुसकी असूनही तो माणूस नाही म्हणून हिणवला जातो. जन्माच्या खुणेवरून नाकारले जाणे म्हणजे काय, हे आम्ही विद्यार्थ्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तेझुका यांचा ‘बुद्ध’

१९७२ ते १९८३ या काळात तेझुका यांनी तथागतांच्या जीवनावर ‘बुद्ध’ ही प्रदीर्घ चित्रकथा रचली. इंग्रजीत ती आठ खंडांत उपलब्ध आहे. तिची सुरुवात राजवाड्यात होत नाही. आरंभीच आपल्याला भेटतो चाप्रा नावाचा दास म्हणून जन्मलेला मुलगा. तो कोसलच्या सेनापतीचे प्राण वाचवतो, जन्म लपवून त्याचा दत्तक पुत्र होतो आणि शौर्याने वर चढतो. परंतु त्याची आई समोर येते, जन्म उघड होतो आणि पराक्रमाची सारी पुण्याई क्षणात संपते. दुसरा मुलगा तत्ता, वर्णव्यवस्थेच्याही बाहेर फेकलेला. सिद्धार्थाची कथा या मुलांच्या दुःखातून उमलत जाते.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावे. चाप्रा आणि तत्ता ही पात्रे पालि साहित्यात नाहीत. ती कलावंताची निर्मिती आहे. परंतु ज्या प्रश्नातून ती जन्मली, तो प्रश्न साहित्यात आहे. नापित कुळातील उपालीला शाक्य राजकुमारांच्या आधी प्रव्रज्या दिली गेली, जेणेकरून त्यांना त्याच्यापुढे नम्र व्हावे लागेल, हे विनयपिटक सांगते. पात्र कल्पित असू शकते आणि तरीही अन्याय खरा असू शकतो, हा भेद ओळखता आला पाहिजे. परंपरेने आलेली कथा तपासून घेण्याची शिस्त परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात घालून दिली आहे. एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाने तोवर वृद्ध, रोगी किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे त्यांनी बुद्धीला न पटणारे मानले आणि गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून उद्भवलेल्या शाक्य-कोलिय संघर्षात शोधले.

संग्रहालयालाही प्रश्न विचारावेत

हीच शिस्त तेझुका यांच्या वारशालाही लागू करावी. त्यांनी आपली मालिका निर्मितीखर्चाहून कमी किमतीत वाहिनीला दिली. त्यामुळे घरोघरी अॅनिमेशन पोचले, पण चित्रे काढणाऱ्या हातांची मजुरी पुढे दीर्घकाळ कमी राहिली, असा आक्षेप घेतला जातो. विख्यात दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी १९८९ मध्ये, तेझुका यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, ही टीका उघडपणे केली. १९७३ मध्ये मुशी प्रॉडक्शनचे दिवाळे निघाले. सुमारे दीड लाख पृष्ठे रेखाटणारा, रुग्णशय्येवरही काम न थांबवणारा हा कलावंत वयाच्या साठाव्या वर्षी गेला. त्यांच्या पात्रांमध्ये प्राण ओतणाऱ्या शेकडो साहाय्यकांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? ज्याच्या नावाचे संग्रहालय असते त्याला वंदन करावे, आणि ज्यांची नावे तेथे नाहीत त्यांचीही चौकशी करावी. अशी चौकशी केल्याने थोर माणूस लहान होत नाही.

आमच्या कपाटातील वही

आता एक कबुली. पुष्कळ वर्षांपूर्वी रात्रीच्या अभ्यासिकेत सातवीच्या एका विद्यार्थ्याला आम्ही चित्रे काढताना पकडले. इतिहासाच्या वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्याने डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई काढली होती. पाने भरभर उलटली की ती बाई चालायची, वाकायची आणि मोळी खाली ठेवायची. आम्ही वही जप्त केली, चार शब्द सुनावले आणि वही कपाटात टाकली. दिवाळीनंतर तो मुलगा आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला, तो परत आलाच नाही. वर्षअखेरीस कपाट रिकामे केले तेव्हा वही रद्दीत गेली. ती बाई बहुधा त्याची आई असावी, हे आमच्या ध्यानात आले तेव्हा फार उशीर झाला होता.

नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जपलेल्या आहेत. त्या कोणीतरी वेळेवर जपल्या म्हणून आज आपण पाहू शकतो. ज्यांच्या पिढ्यांना लिहिण्याचीच बंदी होती, त्यांच्या घरात जुन्या वह्या कोठून असणार? म्हणून आपल्या पहिल्या-दुसऱ्या शिक्षित पिढीची प्रत्येक वही आम्हांला दस्तऐवज वाटते. या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची संस्थेला नम्र विनंती आहे : वाचनालयात एक कपाट केवळ विद्यार्थ्यांच्या वह्यांसाठी, चित्रांसाठी आणि पत्रांसाठी राखून ठेवावे. त्यावर नाव, गाव व वर्ष लिहावे. शिक्षकबंधू-भगिनींनी जप्त केलेली वही त्यात ठेवण्यापूर्वी एकदा वाचावी, आणि मग ज्याची त्याला विचारूनच ठेवावी. यात मोठा खर्च नाही. एक कपाट आणि थोडा धीर, एवढेच लागेल.

स्वाध्याय

१. वहीच्या कोपऱ्यात २४ चित्रे काढून एक साधी हालचाल दाखवा. तीच हालचाल आठ चित्रांत बसवा आणि काय हरवले, काय टिकले ते लिहा.

२. चाप्रा हे पात्र कल्पित आणि उपाली हे साहित्यात उल्लेखिलेले. दोघांच्या कथांतून समतेविषयी कोणता विचार पुढे येतो?

३. आपल्या घरातील सर्वांत जुना लिहिलेला कागद कोणता? तो कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिला, हे वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा.

जय भीम!