सर गेल्यावर संस्थेचं काय?

प्रश्न : आमच्या तालुक्यात 28 वर्षांपूर्वी सरांनी मुलींचं वसतिगृह सुरू केलं. मी तिथे 14 वर्षं कार्यकर्ता आहे. सर आता 78 वर्षांचे आहेत. ज्या कंपनीचा सीएसआर निधी आम्हाला मिळतो, तिने यंदा सुचवलं की संस्थेच्या 'क्षमताबांधणी'साठी सल्लागार बोलवा, खर्च आम्ही करू. सर म्हणाले, "त्या पैशात मुलींना वर्षभर दूध देता येईल." मला ते पटलं, पण रात्री झोप लागली नाही. ही सल्लागार मंडळी नेमकं करतात तरी काय?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : दुधापुढे कोण काय बोलणार? चांगल्या संस्थांतली कितीतरी आवश्यक कामं या दुधापायीच अडून राहिली आहेत.

सल्लागार येतो आणि कंटाळवाणे प्रश्न विचारतो. बँकेत सह्या कोणाच्या चालतात? त्यातला एक आजारी पडला तर? कार्यकारिणीची मुदत घटनेप्रमाणे किती, आणि मागची निवड कधी झाली? हिशेब लिहिणाऱ्या ताई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तर वह्या कोणाला कळतील? ही एक कंपनी उद्या थांबली तर वसतिगृह किती महिने चालेल? मग तो सगळ्यांशी वेगवेगळं बोलतो. सरांशी, तुमच्याशी, स्वयंपाकाच्या मावशींशीसुद्धा. संस्थेची खरी दुखणी बहुधा मावशींकडूनच कळतात. चांगला सल्लागार नंतर वर्षभर येत-जात राहतो, आणि सर नसताना झालेल्या पहिल्या सभेला कोपऱ्यात गप्प बसतो. वाईट सल्लागार दोन दिवसांची कार्यशाळा घेऊन भिंतीवर 'व्हिजन' आणि 'मिशन'च्या चौकटी लावून जातो. तसला भेटला तर दूधच बरं.

आता ज्या कागदाकडे बहुतेकांचं लक्ष नसतं, त्याबद्दल. आपल्याकडे सार्वजनिक न्यासांना 1950 चा कायदा लागू आहे. विश्वस्त बदलले, कोणी वारलं, कोणी राजीनामा दिला, तर त्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. तो वेळेवर दिला नाही की गुंता वाढत जातो. जुन्या बदलाची नोंद नाही म्हणून नवा बदल अडकतो, बँक सह्या बदलायला कांकू करते, आणि दोन गट पडलेच तर खरी कार्यकारिणी कोणती हेच ठरवायला वर्षं जातात. मी एका वाचनालयाच्या समितीवर होतो. तिथे सभेचं इतिवृत्त दरवर्षी ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच शाईने, एकाच हाताने लिहिलं जाई. सगळी माणसं सचोटीची होती. चिटणीस वारले तेव्हा ठराव कोणता खरा आणि कोणता मागाहून रचलेला, हे आम्हालाच सांगता येईना.

हे दुखणं जुनंच आहे. 1880 साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं ते मित्रांच्या भरवशावर. नियमांची फारशी गरज कोणाला वाटली नसावी. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. आजीव सदस्यांनी थोडक्या वेतनावर वीस वर्षं सेवा द्यायची, असा शिरस्ता ठरला. तोवर संसार वाढले होते. वेतन वाढवावं का? बाहेरची कामं, बाहेरची कमाई चालेल का? टिळकांना वाटे, सगळा वेळ संस्थेचा. आगरकरांना घरखर्चाचीही बाजू दिसत होती. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, त्यावरूनही खटका उडाला. 1890 मध्ये टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. या भांडणात नेहमी कोण बरोबर होतं एवढंच विचारलं जातं. मला वाटतं, मित्रांची मंडळी वाढून संस्था झाली होती, आणि मित्रांत जे न बोलता चालतं ते संस्थेत लिहून काढावं लागतं, हे त्यांना फार उशिरा उमगलं. तरी सोसायटी टिकली, आजही आहे.

गोखल्यांनी मात्र हा वाद आतून पाहिला होता. 1905 मध्ये भारत सेवक समाज काढताना त्यांनी नव्या सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी ठेवली. 1915 मध्ये ते गेले, वय अवघं 48. पुढची धुरा श्रीनिवास शास्त्रींनी घेतली आणि समाज चालू राहिला. सरांना हे जरूर सांगा. इतर कोणाचं नसलं तरी गोखल्यांचं ते ऐकतील.

पैशाचं थोडक्यात. 'देणगीतला रुपयान् रुपया थेट लाभार्थींना' अशी जाहिरात करण्याची आपल्या संस्थांना खोड आहे. मग लेखापालाचा पगार कुठून द्यायचा? परदेशी देणगीच्या कायद्यात 2020 मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणली, त्यामुळे धास्ती वाढली. सीएसआरमधली 5 टक्क्यांची मर्यादा मात्र कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, काम करणाऱ्या संस्थेवर नाही. कंपन्यांचे अधिकारीसुद्धा यात गल्लत करतात. पुढच्या प्रस्तावात हिशेब ठेवणारीचा आणि अधीक्षिकेचा पूर्ण पगार लाजू नका, लिहा. मुलींना दूध मिळतं ते या दोघींमुळेच.

राहता राहिले सर. त्यांना 'निवृत्त व्हा' असं कोणी म्हणू नये, तुम्ही तर नाहीच. 28 वर्षं ज्यांनी रात्री-अपरात्री मुलींना दवाखान्यात नेलं, त्यांना हा शब्द लागेल. एकेक काम मागून घ्या. यंदा अंदाजपत्रक तुम्ही मांडा, त्यांनी प्रश्न विचारावेत. पुढच्या वर्षी कंपनीच्या माणसांना तुम्ही भेटा, सरांनी फोनसुद्धा करू नये. हे दुसरं त्यांना जड जाईल. आणि त्यांच्या डोक्यात असलेली माहिती, म्हणजे जागा कोणी कुठल्या अटीवर दिली, कोणत्या गावच्या पाटलांशी काय बोलणं झालं होतं, ती बसून लिहून घ्या. त्यासाठी सल्लागार लागत नाही, वही आणि चार दुपारी पुरतात.

सल्लागार बोलवायचा की नाही, हे महिन्याभराने ठरवा. त्याआधी धर्मादाय कार्यालयात जाऊन तुमच्या संस्थेच्या शेड्यूल वनची प्रमाणित नक्कल काढा. त्यावर विश्वस्त म्हणून कोणाकोणाची नावं आहेत ते वाचा, त्यातले हयात किती आहेत ते मोजा, आणि मला कळवा.