जुना बँड, नवं गाणं आणि आपलं डीएसपी

पातूरमध्ये कोणासमोर 'रॉक' हा शब्द उच्चारला, तर त्याला आधी गावाजवळची दगडात कोरलेली लेणी आठवतात, गिटार नंतर! तरीही मराठी विभागात रॉक बँडवर लिहायचं धाडस करते आहे. कारण हा विषय वाटतो तितका परका नाही, आणि थर्ड इयरला डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग शिकताना "हे सगळं कुठे वापरतात हो सर?" असा जो प्रश्न मागच्या बाकावरून येतो, त्याचं एक उत्तर यात आहे.

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. १९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा बँड सुरू झाला. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक बँड परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवायचे. जो जास्त हुबेहूब वाजवेल तो मोठा. रॉक मशीनने स्वतःची इंग्रजी गाणी लिहिली आणि १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा अल्बम काढला. १९९० मध्ये दुसरा आला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. कॉलेजांचे फेस्टिव्हल आणि धोबी तलावचं रंगभवन ही त्या पिढीची पंढरी. (पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे रंगभवनातले स्पीकर बंद झाले.) १९९३ मध्ये बँडने नाव बदलून 'इंडस क्रीड' ठेवलं, त्यांचं 'प्रिटी चाइल्ड' एमटीव्हीवर गाजलं, १९९५ मध्ये नव्या नावाचा अल्बम आला आणि १९९७ मध्ये बँड फुटला. उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेला.

तेरा वर्षांनी, २०१० मध्ये, तिघं जुने पुन्हा एकत्र आले. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे दोन नवे, वयाने बरेच लहान कलाकार घेतले. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा आठ गाण्यांचा अल्बम आला. हा मी मुद्दाम सलग ऐकला. नावाप्रमाणेच तो 'प्रिटी चाइल्ड'ची नक्कल करत नाही. गाणी लांब आहेत, ताल गुंतागुंतीचे आहेत, चटकन गुणगुणता येत नाहीत. मला स्वतःला तो जुन्या अल्बमपेक्षा जास्त आवडला, पण आमच्या होस्टेलमध्ये ज्यांना ज्यांना ऐकवला त्यांनी दुसऱ्याच गाण्याला "ते जुनं लाव ना" म्हटलं. पुनरागमन करणाऱ्या प्रत्येक बँडची गोची हीच असते. जुनंच वाजवलं तर लोक म्हणतात "हे संपले", नवं वाजवलं तर म्हणतात "हे ते राहिले नाहीत". गाण्याआधीच त्याच्याशी जोडलेली आपली वयं, आपले मित्र, आपली कॅसेट मध्ये येते.

आता जगातलं या प्रकारातलं सगळ्यात मोठं उदाहरण घेऊ. बीटल्स. तसे तेही आपल्या मुंबईला अगदीच परके नाहीत. जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं होतं आणि त्यातली एक धून पुढे बीटल्सच्या 'द इनर लाइट' या गाण्यात वापरली गेली. असो. १९७० मध्ये बँड तुटला. ८ डिसेंबर १९८० ला जॉन लेननची न्यूयॉर्कमध्ये हत्या झाली. २९ नोव्हेंबर २००१ ला हॅरिसन कर्करोगाने गेला. उरले पॉल मॅकार्टनी आणि रिंगो स्टार. आणि २ नोव्हेंबर २०२३ ला 'नाऊ अँड देन' हे बीटल्सचं 'नवं' गाणं बाजारात आलं, ज्यात चौघंही आहेत! दोन माणसं हयात नसताना हे झालं कसं, हा खरा आपल्या अभ्यासाचा भाग.

लेननने १९७७ च्या सुमारास घरी पियानोवर बसून हे गाणं साध्या टेपरेकॉर्डरवर भरलं होतं. १९९४ मध्ये त्याची पत्नी योको ओनो हिने अशा काही टेप उरलेल्या तिघांना दिल्या. त्यातून 'फ्री ॲज अ बर्ड' (१९९५) आणि 'रिअल लव्ह' (१९९६) ही दोन गाणी पूर्ण झाली. तिसरं मात्र १९९५ मध्ये थोडंफार वाजवून सोडून दिलं, कारण टेपचा दर्जा. लेननचा आवाज पियानोखाली दबला होता आणि वर विजेची गुणगुण.

ही गुणगुण समजायला सोपी आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. खराब अर्थिंग किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर असला की ती वारंवारिता आणि तिच्या पटी, म्हणजे १२०, १८०, २४०, टेपवर उतरतात. त्या ठरावीक जागी बसलेल्या असतात, म्हणून नॉच फिल्टर लावून बऱ्याचशा कापता येतात. हे आपण लॅबमध्ये करतोच. अडचण पियानोची आहे. पियानोचा पल्ला २७.५ पासून ४१८६ हर्ट्झपर्यंत. पुरुषाच्या गाण्यातले मूळ सूर आणि त्यांच्या पटी नेमक्या याच पट्ट्यात पडतात. त्यात गाणारा ज्या सुरात वाजवतो त्याच सुरात गातो, म्हणजे दोघांच्या पटी एकमेकांवर बसणार! लो-पास, हाय-पास, बँड-पास, कुठलाही फिल्टर इथे हात टेकतो, कारण फिल्टरला फक्त 'कुठली वारंवारिता' एवढंच कळतं. 'कोणाची' हे कळत नाही.

मग ध्वनीचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकाचा फूरिये ट्रान्सफॉर्म घेतात. समजा सेकंदाला ४४,१०० नमुने आहेत आणि एका तुकड्यात ४,०९६ घेतले. तुकडा झाला सुमारे ९३ मिलिसेकंदांचा आणि वारंवारितेची एक पायरी सुमारे १०.८ हर्ट्झची. खर्जातले दोन शेजारचे सूर, ५५ आणि ५८.३ हर्ट्झ, यांच्यातला फरक जेमतेम ३.३. म्हणजे ते एकाच घरात पडतील. तुकडा मोठा केला तर सूर वेगळे दिसतील पण शब्द कधी सुरू झाला ते धूसर होईल. एकाला सांभाळावं तर दुसरं निसटतं. हे सगळे तुकडे शेजारी शेजारी लावले की वेळ आणि वारंवारितेचा एक नकाशा तयार होतो, त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. माणसाच्या आवाजाच्या रेषा त्यात किंचित थरथरतात, वर-खाली घसरतात. पियानोच्या रेषा ठोका पडताच उमटतात आणि सरळ विरत जातात. डोळ्यांना हा फरक दिसतो, आणि जे डोळ्यांना दिसतं ते यंत्राला शिकवता येतं. आवाज आणि वाद्यं वेगवेगळी भरलेली हजारो उदाहरणं दाखवून न्यूरल नेटवर्क तयार करतात. ते नकाशातल्या प्रत्येक घरासाठी ० ते १ मधला एक आकडा सांगतं, यातला किती हिस्सा गळ्याचा. त्याने गुणलं आणि उलटा ट्रान्सफॉर्म घेतला की गळा वेगळा निघतो. ही झाली एक सोपी पद्धत. नव्या पद्धती याहून पुढे गेल्या आहेत.

दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या माणसांनी 'गेट बॅक' (२०२१) या माहितीपटासाठी 'माल' नावाची अशी प्रणाली बांधली होती. तीच लेननच्या टेपवर चालवली. आवाज स्वच्छ निघाला. मग हॅरिसनने १९९५ मध्ये वाजवून ठेवलेली गिटार, रिंगोचे ड्रम्स, पॉलचा बेस, हॅरिसनच्या ढंगात पॉलने वाजवलेला एक गिटारचा तुकडा आणि व्हायोलिन वगैरे तंतुवाद्यं असं सगळं जोडलं गेलं.

लोकांनी काय म्हटलं? गाणं इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. याआधी बीटल्सचं गाणं तिथे पहिलं आलं होतं ते १९६९ मध्ये, म्हणजे मध्ये ५४ वर्षं! फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला रॉक विभागातलं ग्रॅमीही मिळालं. पण गाणं यायच्या आधीच, जून २०२३ मध्ये, मॅकार्टनीने मुलाखतीत 'एआय' शब्द वापरला आणि गोंधळ उडाला. लोकांना वाटलं, मेलेल्या माणसाचा आवाज यंत्राने बनवला! काहीही कृत्रिम बनवलेलं नाही, असा खुलासा त्याला करावा लागला. मला वाटतं, आपण इंजिनीअरिंगच्या मुलांनी तरी या दोन गोष्टींत गल्लत करू नये. टेपवर असलेला आवाज वेगळा काढणं निराळं आणि नसलेला आवाज तयार करणं निराळं. दुसऱ्या प्रकारचं उदाहरण आपल्याच देशात आहे. २०२४ च्या 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटात ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने घडवून गाणं केलं. त्यांनी कुटुंबीयांची परवानगी घेतली होती आणि मोबदलाही दिला, हे त्यांनी स्वतः जाहीर केलं.

दुसरी तक्रार मला जास्त पटते. लेननच्या मूळ टेपमध्ये गाण्याचा आणखी एक भाग होता. तो नव्या गाण्यात गाळला आहे. जुनी टेप माहीत असलेल्या चाहत्यांना तेच लागलं. यंत्राने काही बिघडवलं नाही, माणसांनी निवड केली, आणि लेननला विचारायची सोय नव्हती.

हे सगळं वाचून झाल्यावर मी घरच्या एका कॅसेटवर प्रयोग केला. माझे आबा पातूरला भजनी मंडळात होते. हार्मोनियम, खंजिरी, टाळ आणि आठ-दहा गळे, त्यात आबांचा आवाज मागे कुठेतरी. ते जाऊन आता सहा वर्षं झाली. स्प्लीटर (२०१९) आणि डेमुक्स ही दोन सॉफ्टवेअर्स मोफत मिळतात. त्यांत सहसा चारच कप्पे असतात. गळा, ड्रम्स, बेस आणि 'इतर'. बिचाऱ्या खंजिरीची झांज अर्धी ड्रम्समध्ये गेली, अर्धी गळ्यात. हार्मोनियमचा तर प्रत्येक ओळीला पत्ता बदलत होता. साहजिक आहे, ज्या गाण्यांवर हे यंत्र शिकलं ती बहुतेक पाश्चात्त्य, त्यात आपली खंजिरी कशाला असेल? शिवाय 'गळा' म्हणजे सगळेच गळे. एका कडव्यात मात्र आबा एकटेच म्हणतात. तेवढं पाऊण मिनिट बरंच स्वच्छ निघालं, थोडं पाण्याखालून बोलल्यासारखं.

दिवाळीत ते आजीला ऐकवलं. ती दोनदा ऐकून म्हणाली, "हे एकटेच काऊन म्हणून रायले वं? बाकीचे कुठी गेले?" मग मी मूळ कॅसेट लावली. ती शेवटपर्यंत ऐकली, टाळाबरोबर बोटं हलवत. माझ्या आईने मात्र ते पाऊण मिनिट मोबाइलवर मागून घेतलं आणि ती तेच ऐकते. दोघींपैकी कोण बरोबर, हे मला ठरवता आलेलं नाही.

कोणाच्या घरी अशा कॅसेट असतील तर एवढं करा. चालवण्याआधी टेपरेकॉर्डरचं हेड कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. फीत जुनी असेल तर आधी एकदा हलक्या हाताने पुढे-मागे फिरवून घ्या. कॉम्प्युटरवर घेताना वेव्ह फाइल करा, एमपीथ्री नको, कारण एमपीथ्री करताना जे फेकलं जातं ते नंतर वेगळं काढायला मिळत नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलंत तर ५० हर्ट्झची गुणगुण बरीच कमी येते. आणि ती पहिली फाइल कधीही बदलू नका, प्रयोग सगळे तिच्या कॉपीवर करा. चालू टेपरेकॉर्डर माझ्याकडे आहे. फक्त परीक्षा संपल्यावर मागा!